चार फुटांची फळी आणि साडेचारशे तबकड्या

पुण्याच्या सहकारनगरातील एका निवृत्त वाचकांचे पत्र आले आहे. ते लिहितात: ‘आम्ही तळमजल्यावर राहतो. इमारत जुनी, विटांच्या भिंतींची आहे. वडिलांकडून आलेल्या ७८ आरपीएमच्या साठ-सत्तर तबकड्या, माझ्या साडेचारशे एलपी (लाँग प्ले तबकड्या), सहाशेच्या आसपास सीडी, दीडशे डीव्हीडी, तीनशे कॅसेट आणि दिवाळी अंकांचे गठ्ठे हा सारा संसार आता दोन खोल्यांत मावेनासा झाला आहे. अजूनही महिन्याला चार-पाच एलपी घरात येतात आणि ते थांबेल असे मला वाटत नाही. सुतार म्हणतो, भिंतभर चार-चार फुटांच्या फळ्या टाकू, १८ एमएमचा प्लाय, एक फूट खोली, काही होत नाही. सौ.चे म्हणणे, धुळीपासून वाचवायचे तर लोखंडी कपाटच बरे. चिरंजीव म्हणतात, ऑनलाइन तयार रॅक मागवा, नाहीतर सगळे डिजिटल करून मोकळे व्हा. गणपतीच्या आत काम उरकायचे आहे. करून घ्यावे की विकत घ्यावे? आणखी एक सांगायचे राहिले. २०१९च्या सप्टेंबरात ओढ्याला पूर आला तेव्हा पाणी आमच्या वरच्या पायरीपर्यंत आले होते.’

स. न. वि. वि.

पत्रात राहता राहता राहिलेले आपले शेवटचे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटले आणि त्याकडे मी येणारच आहे. त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. करून घ्यावे की विकत घ्यावे हा प्रश्न आपण सगळ्या संग्रहासाठी एकदम विचारलात, आणि सुतार, सौ. वहिनी व चिरंजीव या तिघांनीही त्याचे एकेकच उत्तर दिले. मला तिघांचेही थोडेथोडे पटते, कारण ते निरनिराळ्या वस्तूंबद्दल बोलत आहेत. आपल्याकडची प्रत्येक वस्तू वजनाने वेगळी, मापाने वेगळी आणि वाढीने तर फारच वेगळी आहे.

वजनाचेच पाहा. कव्हरसकट एका एलपीचे वजन साधारण २०० ते ३०० ग्रॅम भरते आणि फळीच्या एका फुटात अशा ७५ ते ८० एलपी उभ्या राहतात. म्हणजे फुटाला १८ ते २० किलो. डबीसकट सीडी एका फुटात एकोणतीसएक मावतात आणि त्यांचे वजन तीन किलोच्या आसपास जाते. कॅसेटचे तर फुटाला दीड किलोही होत नाही. सुताराने सुचविलेली चार फुटांची फळी सीडींनी भरली तर तिच्यावर बारा किलो येतील, आणि तीच एलपींनी भरली तर पंचाहत्तर ते ऐंशी किलो, म्हणजे एक चांगला धडधाकट माणूस तिच्यावर कायमचा झोपून राहील. ‘काही होत नाही’ हे सुताराचे म्हणणे सीडीपुरते अगदी बरोबर आहे. एलपीच्या बाबतीत मात्र पुष्कळ काही होते.

फळीला झोळ पडतो तो मुख्यतः लांबीमुळे; जाडीचा नंबर त्यानंतर लागतो. फुटागणिक भार तोच ठेवून फळीची लांबी दुप्पट केली तर ती सोळापट वाकते. जाडी दुप्पट केली तर वाकणे आठव्या हिश्शावर येते. दोन्ही नियम एकत्र ठेवून पाहिले की सुताराशी बोलणे सोपे जाते. १८ एमएमच्या जागी २५ एमएमचा प्लाय घेतला, तर पैसे बरेच जास्त जातील आणि झोळ निम्म्याहून थोडा अधिक कमी होईल. उलट तोच १८ एमएमचा प्लाय ठेवून चार फुटांच्या जागी पंधरा इंचांवर आधार दिला, तर झोळ जवळजवळ शंभरपटीने कमी होईल. शिवाय लाकूड असो की प्लाय, पहिल्या दिवशी जेवढे वाकते तेवढ्यावर ते थांबत नाही. सततच्या भाराखाली वर्षानुवर्षे हळूहळू बसतच राहते, आणि पावसाळ्यातील दमट हवा त्याला हातभार लावते.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. वीसेक वर्षांपूर्वी माझ्या घरी साडेतीन फुटांच्या फळ्या मी हौसेने करून घेतल्या होत्या, मधला आधार ‘दिसायला बरा दिसत नाही’ म्हणून मीच काढायला लावला होता, आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर वरच्या फळीने खालच्या कप्प्यातील उंच खोकी अशी काही दाबून धरली की ती बाहेर काढण्यासाठी आधी वरचा सगळा कप्पा रिकामा करावा लागला. सुतार बिचारा तेव्हाही नको म्हणत होता.

तेव्हा माझा सल्ला असा की एलपींसाठी मांडणी करून घ्यावी, ती लहान लहान खणांची करावी, आणि बाकीच्या वस्तूंसाठी सुताराचे दिवस खर्च करू नयेत. आपल्या घरात खरोखर वाढते ती एकटी एलपी. कॅसेट आता वाढणार नाहीत, सीडी वाढल्याच तर वर्षाला दहा-वीस. वाढणाऱ्या वस्तूला मजबूत घर द्यावे आणि थांबलेल्या वस्तूला नुसते बेताचे.

हिशेब मांडू. साडेचारशे आज आहेत, वर्षाला पन्नास धरले तर दहा वर्षांनी साडेनऊशे होतील. आत १५ इंच रुंद, साडेतेरा इंच उंच आणि साडेतेरा इंच खोल असा एक खण केला तर त्यात नव्वदएक एलपी सैलसर राहतात. असे आडवे तीन आणि उभे चार मिळून बारा खण केले, तर मांडणीची रुंदी बरोबर चार फूट आणि उंची पाच फुटांना दोन इंच कमी होते. भिंतभर काही करावेच लागत नाही. आज त्यांपैकी आठ खणांत प्रत्येकी पंचावन्न-साठ एलपी ठेवा, एक खण वडिलांच्या तबकड्यांना द्या आणि तीन मोकळे सोडा. सगळ्या एलपी पहिल्या पाच खणांत गच्च भरून बाकीची जागा शेवटी राखून ठेवण्याचा मोह होईल, पण तो आवरावा. आपण रागदारी, नाट्यसंगीत, भावगीत किंवा गायकांच्या नावांचा क्रम लावणारच, आणि मग ‘क’मध्ये एक नवी एलपी आली की ‘ह’पर्यंतची सगळी वरात पुढे सरकवावी लागते. प्रत्येक खणात एक तृतीयांश जागा मोकळी असली की नवा पाहुणा आपल्याच घरी उतरतो. मोकळ्या जागेमुळे एलपी कलंडू नयेत म्हणून प्रत्येक खणात एक हलवता येणारी उभी पट्टी ठेवावी. बरेच दिवस कललेली एलपी वाकते, आणि फार गच्च भरली तर कव्हरवर आतल्या तबकडीचा गोल उमटतो. दोन कव्हरांच्या मध्ये बोटे सहज जातील इतपत सैल, हे प्रमाण.

आता सुताराच्या ‘एक फूट खोली’कडे येऊ. त्याचे रहस्य असे की प्लायची शीट आठ फूट बाय चार फूट असते, आणि चार फुटांतून एक-एक फुटाच्या चार पट्ट्या काही वाया न जाता निघतात. सुताराच्या दृष्टीने हे शहाणपणाचेच आहे. फक्त एलपीची तबकडी १२ इंचांची असली तरी तिचे कव्हर सुमारे १२.४ इंचांचे असते, आणि करवतीची जाडी वजा जाता त्या पट्ट्या पुऱ्या १२ इंचांच्याही उरत नाहीत. कव्हरचे कोपरे अर्धा इंच बाहेर डोकावतात, येता-जाता घासतात, आणि पुढे कधी काच बसवायची म्हटले की ती लागत नाही. म्हणून शीट लांबीच्या दिशेने साडेतेरा इंचांच्या तीन पट्ट्यांत चिरून घ्यावी. दोन शीटमधून अशा सहा पट्ट्या निघतात आणि त्यांत चार उभ्या फळ्या, तळ, माथा आणि मधल्या नऊ आडव्या फळ्या बसून खणांतल्या उभ्या पट्ट्यांसाठी तुकडाही उरतो. शिवाय प्रत्येक शीटच्या कडेला सातएक इंचांची आठ फुटी पट्टी शिल्लक राहते, ती सुताराला नेऊ देऊ नये. ती आपल्या डीव्हीडींची फळी आहे.

प्लाय मरीन, म्हणजे पाण्याला टिकणारा, घ्यावा, ज्यावर आयएस ७१० असा शिक्का असतो. कोरड्या, वरच्या मजल्यावरच्या घरात मी एवढा आग्रह धरला नसता, बाजारात ज्याला कमर्शियल म्हणतात तोही चालला असता. आपल्या घराची गोष्ट वेगळी आहे. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात स्वतः जाऊन शीट आणि शिक्का पाहून घ्यावा. आडव्या फळ्या उभ्या फळ्यांत खाच मारून बसवाव्यात. नुसत्या खिळ्यांवर किंवा खालून ठोकलेल्या बारीक पट्टीवर सोडू नयेत. पाठीला ६ एमएमचा प्लाय सगळीकडून स्क्रूने आवळून बसवावा. ही पाठ शोभेची नसते. इतक्या एलपी एका बाजूला कलल्या की पाठ नसलेली मांडणी चौकोनाची हळूहळू समांतरभुज होते. पुढच्या कडेला दीड इंची सागवानी पट्टी लावली तर फळीला बळ मिळते आणि प्लायची कडही झाकली जाते; पाडलेल्या वाड्यांचे जुने सागवान मिळाले तर त्याहून उत्तम, कारण त्याला जे वळायचे-तडकायचे ते होऊन गेलेले असते. सगळी मांडणीच सागवानी करण्याची हौस असेल तर ती आपली हौस. मजबुतीसाठी तिची गरज नाही. मजुरी दर्शनी चौरस फुटावर ठरत असेल तर खणांची संख्या सुताराला आधीच सांगून टाकावी. चार उभ्या फळ्या आणि इतक्या खाचा पाहून त्याचा चेहरा पडेल, आणि ते रास्त आहे. दर थोडा वाढवून द्यावा.

आता पाणी. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याचे पाणी ज्यांच्या घरात शिरले त्यांनी सर्वांत आधी गमावले ते जमिनीलगतचे कप्पे. आपल्याकडे ते पायरीवर थांबले, पण मांडणी पंधरा-वीस वर्षांसाठी करायची तर पायरीवर विसंबू नये. भिंतीलगत विटांचे ठोकळे रचून त्यांवर कडप्पा टाकावा आणि एक फूट उंचीच्या त्या ओट्यावर मांडणी ठेवावी. मात्र प्रत्येक उभ्या फळीच्या बरोबर खाली ठोकळा आला पाहिजे, कारण भरलेल्या एलपींचेच वजन सव्वादोनशे किलोंच्या घरात जाईल आणि कडप्पा दाब कितीही सोसत असला तरी मध्ये अधांतरी वाकवला की मोडतो. तळमजला असल्याने स्लॅबवरील भाराची चिंता आपल्याला नाही. या ओट्याचे आणखी दोन फायदे आहेत. रोजच्या फरशी पुसण्याचे पाणी प्लायपर्यंत जात नाही, आणि वाळवी जमिनीतून वर येताना मातीच्या नळ्या करीत येते, त्या कडप्प्याखालच्या मोकळ्या जागेत केरसुणी फिरवताना दिसतात. एकंदर उंची पाच फूट दहा इंच होईल. वरच्या बाजूला दोन एल पट्ट्या लावून मांडणी भिंतीला जखडावी. आपली भिंत विटांची असल्याने अँकर चांगला धरतो. पलीकडे स्नानगृह असलेली भिंत आणि पश्चिमेचे ऊन येणारी जागा टाळावी. एलपीचे प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते आणि खिडकीच्या काचेमागे, थेट उन्हात, काळ्या वस्तूला तिथवर पोहोचायला मे महिना पुरतो. भिंत आणि पाठ यांच्यात दोन बोटे हवा राहू द्यावी.

वडिलांच्या तबकड्यांबद्दल थोडे वेगळे लिहितो, कारण त्या एकदा गेल्या की गेल्या. त्या बहुतेक १० इंची आणि लाखेच्या असणार. लाखेची तबकडी वाकत नाही, तडकते. त्या एकावर एक रचू नयेत, उभ्याच ठेवाव्यात, आणि एलपींच्या मध्ये मिसळू नयेत, कारण मोठ्या कव्हरांच्या दाबाखाली लहान तबकडीच्या वरच्या भागाला आधारच राहत नाही. त्यांच्या खणात दर पाच इंचांवर एक पक्की उभी पट्टी लावून घ्यावी आणि तो खण खालून दुसऱ्या ओळीत, कमरेच्या उंचीला असावा, म्हणजे काढताना हात वर करावा लागत नाही आणि वाकावेही लागत नाही. जुन्या कागदी खोळी फाटल्या असतील तर नव्या, साध्या कागदाच्या घालाव्यात. जुन्या मात्र टाकू नयेत, त्यांवरची दुकानांची नावे हाही आपल्या घराचा इतिहास आहे.

सीडींसाठी चिरंजीवांचे ऐकावे आणि तयार रॅक खुशाल घ्यावा. सहाशे सीडींना वीस-एकवीस फूट फळी लागते. आत साडेपाच इंच उंची आणि सहा इंच खोली पुरते, आणि तीन फुटी फळीवरही नऊ किलोंच्या वर भार येत नाही, त्यामुळे लाकडाच्या भुशाचा पार्टिकल बोर्डही चालेल, फक्त त्याचे पाय ओल्या फडक्यापासून दूर ठेवावेत. तो एकदा पाणी प्याला की फुगतो आणि मग त्यात स्क्रू धरत नाही. हेच तयार चौकोनी खणांचे रॅक एलपींसाठीही विकले जातात. ते घ्यावेत की नाही हे ठरवण्याची एक साधी खूण आहे: एका खणाला किती किलो चालतात हे माहितीपत्रकात पाहावे. तेथे १५ किलो किंवा त्याहून कमी लिहिले असेल, तर आपल्या एक फूट एलपीच त्याहून जड आहेत. डीव्हीडीची डबी साडेसात इंच उंच असते. तिला आठ इंचांचा कप्पा हवा, आणि त्या सात इंची उरलेल्या पट्ट्या तेथे कामी येतील. काही जण सीडी डब्यांतून काढून पातळ खोळींत घालतात आणि तीन चतुर्थांश जागा वाचवतात. हिशेब खरा आहे, मला स्वतःला मात्र कण्यावरचे नाव न दिसणारा संग्रह म्हणजे पाटी नसलेली गल्ली वाटते.

सौ. वहिनींचे धुळीबद्दलचे म्हणणे योग्य आहे. पुण्यात सध्या ज्याच्या घराभोवती बांधकाम चालू नाही असा माणूस विरळा. पण बंद लोखंडी कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवले की पावसाळ्यात आतली दमट हवा आतच कोंडते, आणि आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर टिकली की कव्हरांवर पांढरी बुरशी धरते. एलपींना बाहेरून प्लास्टिकची पातळ खोळ घालावी, मांडणीला हवे तर वर-खाली बोटभर फट सोडून सरकत्या काचा लावाव्यात. लोखंडी कपाट घरात असेलच तर ते कॅसेटना द्यावे; त्या डबीत असतात, हलक्या असतात आणि अंधारात सुखी असतात. त्या मोठ्या स्पीकरच्या शेजारी मात्र नकोत, त्याचे चुंबक फितीला बाधते. आणि कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवण्याची सवय येथे सोडावी. त्यांच्या वाफेने काही प्रकारचे प्लास्टिक मऊ व चिकट होते, आणि सीडी-कॅसेटच्या डब्या त्याच जातीच्या असतात.

दिवाळी अंकांना या मांडणीत आणू नये. ते कागदाचे आहेत, फार जड आहेत आणि त्यांची वाढ वर्षातून एकदाच होते. मागच्या खोलीत स्लॉटेड अँगलचा, म्हणजे भोके पाडलेल्या लोखंडी पट्ट्यांचा, एक साधा रॅक उभा करून त्यावर आडवे, वीतभराहून उंच नसलेले गठ्ठे ठेवावेत. रॅक दिसायला गोदामासारखा दिसेल. गोदामच आहे ते.

डिजिटल करण्याचा चिरंजीवांचा आग्रह कॅसेटपुरता मनावर घ्यावा आणि तोही लवकर, कारण फीत जुनी होते तसा आवाज पुसट होतो आणि चांगले कॅसेट प्लेअर दुरुस्त करणारे हात कमी होत चालले आहेत. घरगुती मैफलींची, वडिलधाऱ्यांच्या आवाजाची रेकॉर्डिंग असलेल्या कॅसेट आधी. त्याने फळी मात्र एक इंचानेही कमी होणार नाही, हे आपल्यालाही माहीत आहे आणि बहुधा त्यांनाही.

राहिला गणपतीचा मुहूर्त. तो चुकवावा असे मी सुचवतो. भर पावसाळ्यात पॉलिश मारले की ते दमट हवेने पांढरट पडते आणि वासही लवकर जात नाही. कडप्प्याचा ओटा आणि सुतारकाम आता करून घ्यावे, पॉलिश दसऱ्यानंतर कोरड्या हवेत मारावे, आणि वास पुरता गेल्यावर, पंधराएक दिवसांनी, एलपी आत न्याव्यात. तोवर त्या मजबूत पुठ्ठ्याच्या खोक्यांत, उभ्याच, एका खोक्यात चाळीसहून अधिक नाहीत अशा बेताने, पलंगावर किंवा टेबलावर ठेवाव्यात. सुतार माप घ्यायला येईल तेव्हा त्याच्या हातात कागद देऊ नका. आपल्याकडचा सर्वांत जाड तीन-चार तबकड्यांचा खोका आणि वडिलांची एक तबकडी द्या, आणि खणाची उंची त्याला त्यांच्यावरूनच टेप लावून लिहू द्या.